मदत हवी आहे: ट्रंपेटवर वरचे सूर घेताना घसा आवळतो, तोंडात 'ओ' धरायचा की 'ई'?

नमस्कार मंडळी,

ट्रंपेट शिकते आहे. मधल्या सुरांना आवाज भरीव येतो, पण स्टाफच्या (स्वरलिपीतल्या पाच रेषांच्या) डोक्यावरचा 'जी' हा सूर आला की घसा आवळतो. सूर लागतो, पण चिरका. दोन-चार ओळी वाजवल्या की मानेच्या शिरा ताठ होतात. कधी कधी सूर निघण्याआधी घशातून 'ग्ग' असा बारीक आवाज येतो, तो शेजारी बसलेल्यालाही ऐकू जातो.

माझे शिक्षक म्हणतात, तोंडात कायम 'ओ' धर, म्हणजे 'ओ' म्हणताना होतो तसा आकार ठेव, घसा मोकळा राहील. शिकागो सिम्फनी वाद्यवृंदाचे ट्यूबावादक अर्नोल्ड जेकब्स यांचा दाखला देतात. तेही 'तो', 'हो' असे उच्चार वापरायचे. पण ट्रंपेटचे अमेरिकन शिक्षक क्लॉड गॉर्डन यांच्या पद्धतीत खालच्या सुरांना 'आ' आणि वर जाताना 'ई'. मी 'ई' केलं तर सूर लागतो पण गळा दाबल्यासारखा होतो. 'ओ' धरला तर घशाला बरं वाटतं, पण सूर खाली येतो किंवा लागतच नाही.

दोन्ही पद्धतींनी उत्तम वाजवणारे लोक आहेत, मग माझं अडतंय कुठे? कोणी यातून गेलं असेल तर सविस्तर सांगा. वरच्या सुरांचं खूप मनावर घेतलंय.

प्रतिसाद १:

'आ' म्हटलं की तोंड उघडतं, घसा नाही. उलट 'आ' म्हणताना जिभेचं मूळ मागे सरकतं आणि घशातली जागा कमी होते. 'ई'ला जिभेचा मधला भाग टाळूकडे चढतो, मूळ पुढे ओढलं जातं आणि मागची जागा वाढते. हनुवटीखाली अंगठा ठेवून आलटून पालटून 'आ-ई' म्हणा, हालचाल हाताला कळेल. त्यामुळे घसा आवळतोय त्याचा दोष 'ई'ला देऊ नका. तुम्ही बहुधा 'ई'सोबत जबडा घट्ट करताय आणि स्वरयंत्र वर ओढताय.

बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाच्या फ्रेंच हॉर्नवादक सारा विलिस यांनी एमआरआय यंत्रात पडून हॉर्न वाजवलाय, त्याचा व्हिडिओ जरूर बघा. सूर चढतो तशी जीभ तोंडात उंच होताना स्पष्ट दिसते. शीळ घालतानाही आपण हेच करतो, आणि तेव्हा कोणाचा घसा आवळत नाही. म्हणून आधी नुसत्या शिळेवर खालून वर जा, जीभ कुठे जाते ते लक्षात ठेवा, मग तेच वाद्यावर हळू आवाजात स्लर करून, म्हणजे मध्ये जीभ न लावता सूर जोडत, बघा.

'ग्ग'चं कारण वेगळं वाटतं. श्वास घेऊन झाल्यावर क्षणभर तो अडवून धरता ना? तेव्हा स्वररज्जू मिटतात आणि सूर सुरू करताना हवेला ते उघडावे लागतात. श्वास 'ओ'च्या आकारात आत घ्या, जांभई येते तसा, आणि न थांबता बाहेर वळवा. तुमच्या शिक्षकांचा 'ओ' इथे सोन्यासारखा आहे.

प्रतिसाद २:

वरच्याशी सहमत. सुराची सुरुवात 'टा'ने करत असाल तर 'ता' करून बघा. 'ट'ला जिभेचं टोक मागे वळतं, 'त'ला दातांशी राहतं, त्यामुळे मागचा भाग निवांत राहतो. आणि वरचा सूर आला की माउथपीस ओठांवर दाबायचं टाळा. दाब वाढला की मान आखडते, आणि मग कुठलाही उच्चार कामाचा नाही.

धागाकर्ती:

दोघांचे मनापासून आभार. श्वास न अडवता सुरुवात केली तर 'ग्ग' खरंच गेला! शिळेवरून स्लर करताना जीपर्यंत मान सैल राहते. पण तोच जी जिभेने तोडून, सुटा घेतला की जबडा पुन्हा आवळतो. तिथे 'ती' म्हणायचं की 'ता'ने सुरू करून लगेच 'ई'वर जायचं?

प्रतिसाद १:

थेट 'ती'. 'ता'वरून 'ई'वर गेलात तर सूर खालून घसरत येईल. आधी 'ही' म्हणत नुसत्या हवेने जी सुरू करा, तो सहज निघाला की मगच त्याला जीभ लावा.