इंग्लंडमधल्या कॅथलिक माध्यमिक शाळेचं स्थापनावर्ष कोणतं धरायचं?

बार्देसकर
इंग्लंडात वसलेल्या गोवेकरांची मुलं शिकतात अशा एका कॅथलिक माध्यमिक शाळेवर दिवाळी अंकासाठी लेख करतोय. चर्चच्या स्मरणिकेत एकोणिसाव्या शतकातलं साल आहे, कोनशिलेवर १९५०च्या दशकातलं आणि शाळेच्या बोधचिन्हाखाली १९७०च्या दशकातलं. स्थापना कोणती धरू? आणि 'व्हॉलंटरी एडेड' म्हणजे आपली अनुदानित शाळाच ना?

झुवारीकाठ
तिन्ही सालं खरी असतील, पण बहुधा तीन वेगवेगळ्या शाळांची. पहिली चर्चला लागून असलेली शाळा. १८४५ नंतरच्या दुष्काळात आयरिश कुटुंबं लिव्हरपूल-लँकशायरकडे लोटली, त्यांच्या पोरांसाठी अशा शाळा वाढल्या. १८४७ पासून त्यांना सरकारी अनुदानही मिळू लागलं. पाच वर्षांच्या पोरापासून शाळा सोडणाऱ्यापर्यंत सगळे एकाच छपराखाली. १९४४च्या शिक्षण कायद्याने माध्यमिक शिक्षण वेगळं काढलं, १ एप्रिल १९४७ पासून शाळा सोडायचं वय १५ झालं, आणि मोठ्या मुलांसाठी 'सेकंडरी मॉडर्न' म्हणजे निवडपरीक्षेत न निवडलेल्यांच्या माध्यमिक शाळांच्या इमारती उठल्या. ती तुमची कोनशिला. १९६५च्या १०/६५ परिपत्रकाने अकराव्या वर्षीची निवडपरीक्षा सोडून 'कॉम्प्रिहेन्सिव्ह'कडे, म्हणजे सगळ्यांसाठी एकाच शाळेकडे वळायला सांगितलं, तेव्हा मुलग्यांची आणि मुलींची शाळा एकत्र करून नवं नाव देणं नेहमीचं झालं. तिसरं साल त्यातलं. २०१० नंतर अकादमी (थेट केंद्र सरकारच्या पैशावर चालणारी शाळा) झाली असेल तर चौथंही निघेल.

तिसवाडी
अनुदानित म्हणणं अर्धंच बरोबर. पगार आणि रोजचा खर्च सरकारचा. शिक्षक नेमणं, प्रवेशाचे नियम, धर्मशिक्षण नियामक मंडळाकडे. खरी मेख इमारतीत आहे. १९४४च्या कायद्यात बांधकामाचा निम्मा भार चर्चवर होता. सरकारी वाटा १९५९ला बऱ्याच कामांसाठी ७५ टक्के झाला, १९६७ला ८०, १९७५ला ८५. आता ९० आहे. म्हणजे १९५०च्या दशकात शाळा बांधणाऱ्या पॅरिशला कर्ज आणि रविवारची वर्गणी यांवरच भिस्त ठेवावी लागली. 'कंट्रोल्ड' शाळा झाली असती तर इमारतीचा पैसा सरकारने दिला असता, पण मंडळावरचं बहुमत गेलं असतं. कॅथलिकांनी ती वाट जवळजवळ धरलीच नाही. लेखात हे आणा. मुख्याध्यापकांची यादी कोण वाचतो?

दप्तरखाना
आधी लॉगबुक, म्हणजे शाळेची नोंदवही शोधा. १८६२च्या नियमावलीनंतर हेडमास्तरने आठवड्याला निदान एक नोंद करायची असे. हजेरी का घटली, गोवराची साथ, इन्स्पेक्टरची फेरी, सणाची सुट्टी, सगळं त्यात सापडतं. वही शाळेत नसेल तर काउंटीच्या अभिलेखागारात किंवा धर्मप्रांताच्या दप्तरात विचारा.

लंडनला क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शिक्षण खात्याच्या फायलींना 'ईडी' क्रमांक आहेत: प्राथमिक शाळांच्या फायली ईडी २१ मध्ये, माध्यमिकच्या ईडी ३५ मध्ये. इथेच बहुतेक जण फसतात: १९४४च्या कायद्याआधीचे 'सीनियर' वर्ग प्राथमिकमध्येच मोडत, त्यामुळे त्यांचा माग २१ मध्ये लागतो. ३५ चाळत बसलात तर हाती काही लागणार नाही.

जागा पक्की करायला स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर २५ इंची (मैलाला २५ इंच) जुने नकाशे फुकट दिसतात, त्यावर 'आर.सी. स्कूल' असं छापलेलं असतं. आणि वर्ग सप्टेंबरात भरले तरी बिशपांच्या हस्ते आशीर्वाद पुढच्या वर्षी झालेला असू शकतो. वर्तमानपत्रात बातमी सोहळ्याची येते, आणि साल एकाने चुकतं.

बार्देसकर
लॉगबुकसाठी लिहितो. सुरुवात 'ख्रिस्तपुराण' लिहिणारे इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांच्यापासून केली तर? गोव्यातल्या वाचकाला तेच नाव ओळखीचं.

झुवारीकाठ
एका वाक्यापुरती चालेल. स्टीफन्स १५७९ला गोव्यात आले तेव्हा त्यांच्या मायदेशी कॅथलिक शाळा उघडपणे चालवता येत नव्हती. म्हणून जेझुइटांनी १५९३ला इंग्रज मुलांसाठी शाळा काढली ती खाडीपलीकडे सेंट ओमेरला. तीच ब्रूज, लिएज करत १७९४ला लँकशायरात स्टोनीहर्स्टला पोचली. पण ती फी भरणाऱ्या घरांतल्या मुलांची निवासी शाळा. मजुरांच्या पोरांसाठी निघालेल्या पॅरिश शाळेचं मूळ तिथे जोडू नका.