अपडेटनंतर ॲपमधलं पट्टी छापायचं बटन गायब, मदत हवी आहे

यार्डकर_सांगली:
रात्री ॲप आपोआप अपडेट झालं आणि सकाळी उघडतोय तर सगळंच बदललेलं. आधी खाली ठळक अक्षरात 'पट्टी छापा' असायचं, आता नुसती चार चित्रं आहेत, कुठलं कशाचं कळत नाही, हमाली-तोलाईचा रकाना पण दिसंना. हळदीचे शेतकरी मालाच्या हिशेबाची पट्टी घ्यायला दुकानात खोळंबलेत. जुनं डिझाईन परत कसं आणायचं? लवकर सांगा.

मिरजवाला:
ॲप कुठलं? मोबाईल का कॉम्प्युटर?

यार्डकर_सांगली:
बिलाचं ॲप हो, मोबाईलवरच. जुनं कसं आणायचं तेवढं सांगा.

कृष्णाकाठ:
अनइन्स्टॉल करा, नेटवरनं ॲपची जुनी फाईल, एपीके, घेऊन टाका. मी असंच करतो.

विश्रामबाग_ताई:
थांबा, अनइन्स्टॉल करू नका!! डेटा फोनमध्येच साठत असेल तर ॲप काढलं की सगळी उधारी गेली. बॅकअप घेतलाय का? आणि दादा, ज्या फोनवर बँकेचं ॲप आहे त्यात कुठलीही एपीके टाकायला सांगू नका.

कृष्णाकाठ:
लॉगिन केलं की डेटा परत येतो ताई, उगं घाबरवू नका.

विश्रामबाग_ताई:
सिंक झालेला असेल तेवढाच येतो.

तासगाव_बेदाणा:
हळद आज काय दरानं निघाली?

मिरजवाला:
फोनची अक्षरं मोठी केलीयत का? त्यानं कधीकधी बटनाखालची नावं कापली जातात. सेटिंगमध्ये डिस्प्लेत जाऊन फॉन्ट साईझ कमी करून बघा.

यार्डकर_सांगली:
दिसली नावं! पण फोन वडील वापरतात, एवढं बारीक त्यांना वाचता येत नाही. पट्टी निघाली पण रक्कम उजवीकडं कापली जातीय.

मिरजवाला:
प्रिंटर दोन इंची ना? ॲपमध्ये पेपर साईझ ८० एमएम झाली असणार, ५८ करा.

पेठनाका:
सगळ्यांनी एक स्टार द्या. विंडोज ८ मध्ये २०१२ ला स्टार्ट बटन काढलं होतं, लोकांनी एवढी ओरड केली की २०१३ ला ८.१ मध्ये परत द्यावं लागलं.

विश्रामबाग_ताई:
नुसता स्टार देऊन त्यांना काय कळणार? कुठल्या स्क्रीनवर काय अडतंय ते व्हर्जन नंबरसकट लिहा, दुरुस्त झालं की रिव्ह्यू बदलता येतो. आणि प्ले स्टोअरमध्ये त्या ॲपच्या पानावर वरच्या तीन टिंबांत जाऊन ऑटो अपडेटची खूण काढा.

पेठनाका:
लिहिलं होतं मी सगळं सविस्तर. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' एवढंच उत्तर आलं, पुढं काही नाही. ज्यांनी ही चित्रं बसवली त्यांनी सौद्याच्या दिवशी यार्डात बसून दहा पट्ट्या काढून दाखवाव्यात, मग कळंल माणूस बटनावरचं नाव का मागतोय.

यार्डकर_सांगली:
५८ केल्यावर रक्कम नीट आली, आभार. हमाली-तोलाई सध्या पेनानं लिहून देतोय. नव्या व्हर्जनमध्ये तो रकाना कुणाला सापडला असंल तर स्क्रीनशॉट टाका.