चावी शेजारी ठेवायची की नाही? परवाच्या पोस्टला उत्तर

अंत्रुजी: परवा एकानं ठासून लिहिलं की लांबच्या प्रवासाला निघताना शेजाऱ्याकडे चावी देणं हा खेडवळपणा आहे. चार कॅमेरे लावा, मोबाइलवर घर बघा, कुणाला काही सांगू नका. वाचून डोकं फिरलं. या माणसानं गोव्यात एक पावसाळा तरी काढलाय का? जूनच्या पहिल्या गडगडाटाला वीज जाते, इन्व्हर्टर काही तास ओढतो, मग राउटर बंद. मोबाइलवर काय बघणार? आमच्या वाड्यावरच्या एका घरात चोर मागीलदारच्या बाजूनं मंगळुरी कौलं काढून उतरले. जाताना कॅमेऱ्यांचा डीव्हीआरच उचलून नेला. सगळं चित्रण त्यातच. चोरी झाल्याचं कळलं ते पदेरामुळे. पहाटे तो शेजारच्या घरी पाव टाकायला आला, त्याला माडाखाली कौलं रचून ठेवलेली दिसली.

आणि देवघराचं काय? आमच्याकडे देवाला रोज दिवा लागतो. आम्ही बाहेरगावी असलो की शेजारची काकी सकाळी येते, दिवा लावते, खिडक्या उघडते, तुळशीला पाणी घालते. संध्याकाळी पडवीत उजेड करून जाते. घरात माणसाचा वावर दिसला पाहिजे. कॅमेरा त्याच्यानंतर.

ताळगावचा फ्लॅटवाला: तुम्हाला काकी आहे, आम्हाला नाही. आमच्या इमारतीत कितीतरी फ्लॅट बाहेरच्यांचे, डिसेंबर सोडला तर कुलूपबंद. बाकीच्यांत दर आठवड्याला नवे पर्यटक. चावी देऊ कुणाला? माझ्या आतेबहिणीनं शेजाऱ्यांना विश्वासानं दिली होती. त्याच घरातल्या मुलानं कपाट साफ केलं. कुलूप फोडल्याची खूण नाही म्हणून विमा कंपनीनंही हात वर केले. त्या दोन घरांत आजही बोलणं नाही. डीव्हीआरचं म्हणाल, तर चित्रण क्लाउडवर पाठवा, सिमकार्डवाला राउटर घ्या. उपाय आहेत, करायची तयारी हवी.

डिचोलीकरीण: पण सोनं घरात ठेवून जायचंच कशाला? लॉकर घ्या. रिझर्व्ह बँकेचे नवे नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू आहेत. बँकेच्या हलगर्जीपणामुळे लॉकरमधलं गेलं तर वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत भरपाई. भाडं ३,००० असेल तर ३ लाख, त्यावर नाही, हेही ध्यानात ठेवा. आणि ‘भारत गृह रक्षा’ घेतली म्हणून निर्धास्त होऊ नका. ती मुळात आग, पूर, वादळ असल्यांसाठी. घरफोडीचं संरक्षण वेगळं मागून घ्यावं लागतं.

कुळागर: तुम्ही सगळे टीव्ही नि सोन्यात अडकलात. मुलीकडे दुबईला गेलो की मला चोराची भीती वाटत नाही, घरच जाण्याची वाटते. चावी दिली, राखणदार ठेवला, की उद्या तो मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर राहणारा, कायद्यानं सहजी हुसकता न येणारा माणूस. आजोबांनी दया येऊन एकाला मांगरात, बागेतल्या खोपीत, राहायला दिलं. आज त्याची नातवंडं तिथं आहेत आणि आम्हाला आमच्याच भाटात, माडांच्या बागेत, नारळ पाडायला त्यांची तोंडं बघावी लागतात.

मामलेदाराच्या फेऱ्या: थांबा जरा. मुंडकार कायदा १९७५ चा. घर राखायला, ते राहण्याजोगं ठेवायला जो राहतो तो मुंडकार नाही, हे त्याच्या व्याख्येतच आहे. घरात राहणारा पगारी चौकीदारही नाही. आणि त्या नातवंडांना चोरांच्या यादीत घालू नका. मीही मुंडकाराच्या घरातला. आमच्या आजीनं भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, भातं मळली, अंगण सारवलं, त्याच्या घरच्या लग्नांत पाणी भरलं. त्या कष्टांची किंमत म्हणून डोक्यावर छप्पर मिळालं. फुकट नाही.

कुळागर: कायदा मला शिकवू नका. व्याख्येत काहीही असो, केस दाखल झाली की तारखांवर तारखा. म्हातारपणी ते कोण निस्तरणार?

मामलेदाराच्या फेऱ्या: मग लेखी करार करा, पगार बँकेतून द्या. आणि बंद घरं खरी कुणी गिळली ते आठवा. २०२२ साली जमिनी हडपल्याच्या तक्रारींसाठी पोलिसांचं विशेष तपास पथक (एसआयटी) नेमावं लागलं, निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोग बसला. खोटी कागदपत्रं करणाऱ्यांनी ज्या मालमत्तांकडे कुणी फिरकत नव्हतं त्याच हेरल्या. राखणदारानं नव्हे हो, राखणदार नव्हता म्हणून हे झालं. परदेशात बसून एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्याचा सातबारा, ऑनलाइन बघत जा. म्युटेशनची, म्हणजे उताऱ्यावरचं नाव बदलण्याची, नोटीस बंद घराच्या पत्त्यावर आली तर उघडणार कोण?

ताळगावचा फ्लॅटवाला: टपाल उघडायला माणूस लागतो, एवढं मान्य. कपाटाची चावी मात्र कुणालाही नाही.

डिचोलीकरीण: दाराची तरी द्या. वाळवीबद्दल कुणी बोलतच नाही इथं! पावसाळाभर घर बंद ठेवून आम्ही परतलो तर देवघराच्या चौकटीवर बोटभर रुंद मातीची रेघ छतापर्यंत गेलेली. बोटानं दाबलं तर लाकूड आत गेलं, नुसता पापुद्रा उरलेला. आईच्या नऊवारीवर बुरशी, घडी उलगडताना जरीचा काठ हातात आला. चोर आला असता तर एवढं नुकसान झालं नसतं. फ्रिज रिकामा करून दार उघडं ठेवलं होतं, सिलिंडरचा रेग्युलेटर काढला होता, पंपाचा स्विच बंद केला होता. खिडक्या उघडायला मात्र माणूस नव्हतं.

अंत्रुजी: हेच तर म्हणतोय मी. निघण्यापूर्वी पोलीस स्टेशनवरही सांगून ठेवा, घर किती दिवस बंद आणि चावी कुणाकडे.

कुळागर: फेऱ्या बाब, कराराचा मसुदा असेल तर पाठवा. पुढच्या खेपेला घराची चावी देईन एखाद्याला. मांगराचं तुमचं म्हणणं मला पटलेलं नाही.

मामलेदाराच्या फेऱ्या: मसुदा पाठवतो. मांगरावर मीही मागे हटणार नाही.