शाळेतला आनंद बाजार: गल्ल्यात आले तेवढे सगळे नफ्याचे?

कृष्णाकाठ
डिसेंबर-जानेवारी आला की सांगली-मिरजेकडच्या शाळांत आनंद बाजार भरतो. भेळ, ढोकळा, वडापाव. आई रात्री चटणी वाटते, वडील तेलाचा डबा आणतात, पोरं दोन तास ओरडून विकतात. गल्ल्यात 800 रुपये जमले की फळ्यावर लिहितात, 'नफा 800'. अहो, ती विक्री झाली! शेंगदाणे काय आभाळातून पडले?

हा प्रकार एक तर बंद करा, नाही तर नीट करा. भौगोलिक मानांकन मिळालेली आपली हळद दारात आहे. नववीच्या पाच जणांच्या गटाला 10 किलो हळकुंड द्या. हिशेबापुरता भाव 150 रुपये किलो धरू, म्हणजे 1500. दळणावळ किलोला 20, म्हणजे 200. दळताना 300 ग्रॅम घट धरा, उरली 9.7 किलो, 100 ग्रॅमची 97 पाकिटं. पाऊच आणि लेबल मिळून 5 रुपये, म्हणजे 485. एकूण खर्च 2185, पाकीट पडलं साडेबावीस रुपयांना. 30 ला विकलं तर 2910 येतात, कागदावर 725 सुटतात.

आता खरी गंमत. बाजारात 60 च पाकिटं गेली तर हातात 1800. म्हणजे 385 रुपये अजून अडकलेले आणि 37 पाकिटं कपाटात. पाच जणांचे चार-चार तास, तासाला 50 रुपयांनी मजुरी लावली तर 1000. मग सगळी 97 विकूनही 275 चा तोटा! हे नववीतल्या पोराला स्वतःच्या पेनने काढू द्या.

खडूफळा
कागदावर छान दिसतं. पण शेकडेवारी कच्ची असलेल्या वर्गात घट, मजुरी, शिल्लक माल एकाच वेळी कोण शिकवणार? गणिताचे सर म्हणणार माझा विषय नाही, कार्यानुभवाच्या बाईंकडे आधीच तीन वर्ग. शेवटी पाकिटं पालकच भरणार.

दुसरं, कुणी उठलं की कर्मवीरांची 'कमवा आणि शिका' पुढे करतं, म्हणून आधीच सांगतो. भाऊरावांनी 1919 ला काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, 1924 ला साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथली मुलं राबायची ती शिक्षणाचा खर्च निघावा म्हणून, व्यापारी व्हावीत म्हणून नव्हे. दोन्हीची गल्लत नको. पंधरा वर्षांच्या मुलाला आधी नीट वाचता-लिहिता येऊ दे, धंदा कुठं पळून जातोय?

कृष्णाकाठ
सर, शेकडेवारी कच्ची म्हणूनच तर! '10 किलोत 300 ग्रॅम घट, म्हणजे किती टक्के?' हे पुस्तकातल्या गणितापेक्षा लवकर डोक्यात शिरतं. तीन टक्के. आणि पाकीट भरताना हात सैल सोडून 100 च्या जागी 103 ग्रॅम गेले तर 97 ची 94 च होतात, तीन पाकिटांचे 90 रुपये गेले. कर्मवीरांबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र मान्य. ते नाव या कामाला चिकटवायला नको.

तोलाई
हळदीचं उदाहरण हिशेबाला उत्तम, पण शाळेने करायला अडचणीचं. खायची वस्तू पाकिटात भरून विकली की अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. पाकिटावर नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किंमत, पॅकिंगचा महिना, तक्रारीचा नंबर हवा. स्वयंपाकघरातला काटा विक्रीला चालत नाही, वजनमापे खात्याचा शिक्का असलेलाच लागतो. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्या मुलाचा करारच होत नाही, तेव्हा नोंदणी मुलांच्या नावावर नाही, मोठ्या कुणाच्या तरी. मुख्याध्यापक सही करतील? शिवाय हळकुंड नीट वाळलेलं नसेल तर पावडरीच्या गुठळ्या होतात, आणि चक्की तापली की वास उडतो. पहिलीच तक्रार शाळेच्या दारात.

त्यापेक्षा एक गुंठा झेंडू लावा. 60 बाय 45 सेंटिमीटरवर साधारण 370 रोपं बसतात. रोपं शेतात गेल्यापासून फुलं यायला दोन महिने धरा, शेंडा खुडलात तर आणखी आठेक दिवस. आणि दसऱ्याची तारीख पंचांगात बघा. 2025 चा दसरा 2 ऑक्टोबरला, 2026 चा 20 ऑक्टोबरला. जुन्या वहीतली लावणीची तारीख उचलली तर पहिला तोडा अठरा दिवस आधीच हातात! दसऱ्याला दुपारनंतर त्याच फुलांना कुणी विचारत नाही. निम्मी फुलं पोरांनी शाळेच्या दारात विकावीत, निम्मी मार्केटला घालावीत आणि पट्टीवर, म्हणजे अडत्याच्या हिशेबाच्या चिठ्ठीवर, हमाली, तोलाई कापून काय आलं ते बघावं. ती पट्टी वहीत चिकटवा. तेच प्रगतिपुस्तक.

मिरजमळा
झेंडू काय, हळद काय, मूळ दुखणं वेगळंच आहे. ज्याच्या घरी दुकान आहे त्याचाच गट दर वर्षी पहिला येतो. भांडवल घरचं, पिशव्या घरच्या, गिऱ्हाईक म्हणजे काका-मामा. ऊसतोडणीला आई-बाप गेलेल्या पोरीने काय करायचं? तिला यातून एवढंच कळतं, की धंदा आपल्यासारख्यांचा नाही. म्हणून माझा विरोध.

तोलाई
ताई, तुमचा मुद्दा खरा आहे, पण त्याला तोड आहे. प्रत्येक गटाला शाळेने सारखे 500 रुपये उसने द्यायचे, चिठ्ठी लिहून. घरची एकही वस्तू फुकट चालणार नाही. आईची कढई आणली तरी दिवसाचं भाडं खर्चात धरायचं. नातेवाइकांना झालेली विक्री वेगळ्या रकान्यात. बक्षीस नफ्याला नको, ज्याचा हिशेब पै-पैला जुळतो त्याला. स्काउटच्या 'खरी कमाई'तही कामाचा मोबदला घेतात, वर्गणी नव्हे.

मिरजमळा
आणि 500 बुडाले तर? शाळा त्या पोरीकडून वसूल करणार?

तोलाई
नाही. बुडाले तर शाळेचे. पण का बुडाले हे गटाने वर्गासमोर सांगायचं, ही अट.

विटा_फाटा
शाळेचं राहू दे, कॉलेजात याहून वाईट. बिझनेस आयडिया स्पर्धा, दहा स्लाईड, तिसऱ्यावर कोटींचा आकडा. बाजारात उधारी किती दिवसांची, ते विचारा, सगळे गप्प. पीएमईजीपीसारख्या, म्हणजे नवा उद्योग काढायला कर्जावर अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेत ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला 25 टक्के अनुदान असतं, पण ते तीन वर्षं बँकेत अडकून राहतं, खर्चायला मिळत नाही. वर 10 टक्के आपले घालायचे. पोरं अनुदान म्हणजे हातात रोकड समजून मशिनरी मागवतात. मग दुकानदार दीड महिन्याने पैसे देतो आणि तोवर कच्चा माल आणायला खेळतं भांडवलच उरत नाही. ही दीड महिन्याची खिंड एकाही स्लाईडवर नसते.

खडूफळा
हे पटलं. कॉलेजात करा, माझी ना नाही. अठरा पूर्ण झालेली असतात, सही करू शकतात. नववीत मात्र झेंडूपर्यंतच ठीक, तोही एकाच तुकडीला. आणि कृष्णाकाठ, ती 37 पाकिटं कपाटातच आहेत अजून. त्यांचं काय करायचं ते सांगितलं नाहीत.

कृष्णाकाठ
20 ला काढायची, सर. पाकिटामागे अडीच रुपये तोटा, पण 740 हातात येतात. 1800 त मिळवा, झाले 2540. मजुरी सोडली तर 355 वर. 30 च पाहिजेत म्हणून पावसाळ्यापर्यंत धरून बसलात तर रंगही जाईल आणि गिऱ्हाईकही.