माळरान ‘पडीक’ असते काय?

अनुवादिनी
माळरानावरील पक्ष्यांविषयी शाळकरी मुलांसाठी लिहिलेल्या एका पुस्तिकेचा मी अनुवाद करीत आहे. मूळ मजकुरात ‘ग्रासलँड’ आणि ‘वेस्टलँड’ हे शब्द समोरासमोर ठेवले आहेत, आणि पहिलीची नोंद दुसरीच्या नावाने झाल्यामुळे माळढोकाचे घर गेले, असा त्याचा आशय आहे. मी सरळ ‘माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे’ असे लिहिले. माझे सासरे मूळचे करमाळ्याकडचे. ते वाक्य वाचून म्हणाले, “पडीक नाही तर माळ कसला? नांगर लागला की माळ संपला.” मला त्यांचे म्हणणे खोडता आले नाही. येथील जाणकार काय सुचवतील?

दप्तरदार
आपल्या सासऱ्यांविषयी आदर राखूनही म्हणतो की, दोन्ही शब्दांत भेद आहे. ‘पडीक’ हा ‘पडणे’पासून आलेला असल्यामुळे एकदा वाहिलेली आणि नंतर पडून राहिलेली जमीन तेवढीच पडीक, महसुली भाषेतील ‘चालू पड’ आणि ‘कायम पड’ याच अर्थाच्या आहेत. माळाला नांगर लागलेलाच नसतो, तेव्हा तो ‘पडणार’ कोठून? ‘वेस्टलँड’ला खरा जवळचा शब्द सातबाऱ्यावरील ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीस अयोग्य ठरवलेला भाग, हा आहे. सरकारच्या दृष्टीने जमीन म्हणजे सारा. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी 1836 मध्ये इंदापूर तालुक्याची फेरआकारणी करून सारा उतरवला, त्यामागे ओस पडलेली जमीन पुन्हा लागवडीखाली यावी हाच हेतू होता. जी जमीन सारा देत नाही ती खराब, हा हिशेब तेव्हापासून मुरला. पुढे 1985 मध्ये देशपातळीवर पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले, तेव्हाही गवताकडे पाहण्याची नजर फारशी बदललेली नव्हती.

सडेकर
कोकणात आपला भेद टिकणार नाही, दप्तरदारसाहेब. आमच्या वरकस, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या, जमिनीत काही वर्षे नाचणी-वरी घेत आणि मग ती गवतासाठी सोडून देत. ती पडून असते, पण तिला पडीक कोणी म्हणत नाही, कारण त्याच गवतावर गुरे आणि भाजावळ (पेरणीआधी जमीन भाजणे) दोन्ही चालत. सड्याची, म्हणजे कातळी पठाराची, कथा आणखी वेगळी आहे. उन्हाळ्यात पाहणाऱ्याला तो नुसता कातळ दिसतो. श्रावण-भाद्रपदात त्याच कातळावर इवल्या फुलांचे गालिचे अंथरलेले असतात. माझ्या आजोळचा सडा सुरुंग लावून फोडला आणि त्यात हापूसची कलमे लावली. त्याला सगळ्यांनी ‘जमीन सुधारली’ असे म्हटले. ‘सुधारणे’ या क्रियापदावरही कोणी धागा काढावा.

शुद्धमती
मूळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यावे. ‘तृणभूमी’ हा नेमका आणि निःसंदिग्ध शब्द उपलब्ध आहे. ‘माळरान’ अंतर्विरोधी आहे, कारण ‘रान’ हे ‘अरण्य’पासून आले, माळावर अरण्य कोठले?

बार्शीकर
बाईसाहेब, आमच्याकडे ‘रानात खुरपायला गेली’ म्हणतात, तेव्हा ती शेतात गेलेली असते, वाघाच्या जंगलात नव्हे. व्युत्पत्तीने अर्थ ठरवायचा, तर ‘माळ’चेही पाहा. मेघदूतातील ‘सद्यःसीरोत्कषणसुरभि’ असे ज्याचे वर्णन आहे, तो ‘माल’ म्हणजे उंचावरची, पण नुकतीच नांगरलेली जमीन. कालिदासाच्या ‘माला’ला नांगर लागला होता आणि करमाळ्याच्या माळाला तो चालत नाही, हे कसे काय? आणि ‘तृणभूमी’ म्हणून मेंढपाळाला वाट विचारून पाहा.

शुद्धमती
मेंढपाळाला विचारायचे नसून मुलांना शिकवायचे आहे.

दुर्बीणवाला
आपण शब्दांवर भांडत असताना मला एका शब्दाचा राग येतो, तो म्हणजे ‘अभयारण्य’. सोलापूरजवळच्या नान्नजचे माळढोक अभयारण्य 1979 मध्ये जाहीर झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर होते. त्यात शेते आणि वस्त्या आल्या, जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि गावकऱ्यांना पक्षीच नकोसा झाला. नंतर ते 1,200 चौरस किलोमीटरच्या आसपास आणले गेले. पण मुळात या पक्ष्याला अरण्य नकोच आहे. माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो आणि दूरवरचे दिसावे म्हणून मोकळा माळ निवडतो. अशा माळावर ‘वनीकरण’ म्हणून गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावले, की शिकारी पक्ष्यांना बसायला फांदी मिळते आणि खोकड, चिंकारा आणि धाविक पक्षी यांचीही जागा जाते. शिवाय ‘रिकाम्या’ जागेतून विजेच्या तारा नेल्या जातात. जड अंगाच्या, समोरचे कमी दिसणाऱ्या या पक्ष्याला त्या चुकवता येत नाहीत. आज देशात जेमतेम दीडशे माळढोक उरले असतील, आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात आहेत. तेथे त्याला गोडावण म्हणतात.

सडेकर
‘अभयमाळ’ म्हणावे काय?

शुद्धमती
संस्कृत ‘अभय’ आणि मराठी ‘माळ’ यांचा असा संकर मला मान्य नाही.

बार्शीकर
‘माळढोक’ तरी कोठे शुद्ध आहे? ढोक हा पाणथळीचा, लांब चोचीचा पक्षी. आमच्या पूर्वजांनी कोरड्या माळावर तसाच उंच पाय टाकीत चालणारा पक्षी पाहिला आणि त्याला माळावरचा ढोक म्हटले, असे मला वाटते.

दप्तरदार
‘ढोक’ आणि ‘ढोकरी’ यांत गल्लत होत आहे. ढोकरी म्हणजे तळ्याकाठचा लहान बगळा.

अनुवादिनी
सर्वांचे आभार, परंतु माझे वाक्य अजून अडलेलेच आहे. काल सासऱ्यांना विचारले, “तुमच्या माळावर होते तरी काय?” तर त्यांनी कुसळी, मारवेल, पवना अशी गवतांची नावे घेतली आणि लांडग्याने नेलेल्या शेळीची गोष्ट सांगितली. पुढे उजनी धरणाचे पाणी आले. आता तेथे ऊस आहे आणि घरात त्या शेताला अजूनही ‘माळ’च म्हणतात. तेव्हा नांगर लागला की माळ संपतो, हे त्यांचेच म्हणणे त्यांच्या घरी लागू नाही. ‘पडीक’च्या जागी ‘पोटखराबा’ लिहिले, तर सातवीच्या मुलाला कळेल काय?

बार्शीकर
ढोकरीचा मुद्दा मला मान्य नाही. आमच्याकडे मोठ्यालाही ढोकरीच म्हणतात.