बेळगावच्या फ्लॅटमधलं लॅमिनेट फुगलंय, वाचेल का?

मंडळी, नमस्कार.
टिळकवाडीतल्या फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीनचा पाणी घेणारा पाइप नळाजवळून निसटला आणि हॉलभर पाणी झालं. खाली व्हिट्रिफाइड टाइल, वर ८ मिमी लॅमिनेट, म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या फळ्यांची फरशी. चार दिवसांत सांध्यांच्या कडा उचलल्यात. सुतार म्हणतो, पंखा लावून वजन ठेवलं की बसेल. गणपतीआधी हॉल नीट हवाय.

उत्तर:
> वजन ठेवलं की बसेल
ताई, नाही बसणार. लॅमिनेटचा गाभा एचडीएफचा, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला. तो पाणी पिऊन फुगला की वाळल्यावरही मूळ जाडीला येत नाही. फुगलेल्या फळ्या टाकूनच द्यायच्या. पण त्याहून मोठी गोष्ट फळ्या आणि टाइलच्या मध्ये अंथरलेल्या फोमची. तो पाणी धरून ठेवतो, आणि वरून सगळं कोरडं दिसतं. म्हणून आधी स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी, काढायला सांगा, मग भिंतीकडच्या ओळीपासून फळी तिरकी उचलत सांधा सोडवायचा. ज्या चांगल्या आहेत त्यांवर खडूने नंबर घालून सपाट, मध्ये पट्ट्या देऊन रचा. उभ्या टेकवल्या तर वाकतात. फोम सगळा फेकून द्यायचा. काढण्याआधी फोटो घ्या आणि दोन-तीन फुगलेले तुकडे जपून ठेवा: घराचा विमा भारत गृह रक्षा असेल तर पाइप फुटून झालेलं नुकसान त्यात येतं.

आता खरी अडचण. टाइलखाली सिमेंट-वाळूचा थर असतो, त्यात सांध्यांतून पाणी शिरतं आणि बाहेरही सांध्यांतूनच येतं, म्हणून फार सावकाश वाळतं. जुलैत बेळगावात खिडक्या उघड्या टाकून पंखा लावला तर बाहेरचा दमट वारा आत येतो. पाऊस असेल तेव्हा खिडक्या बंद, पंखा जमिनीलगत आडवा, आणि भाड्याने डीह्युमिडिफायर (हवेतला दमटपणा ओढून घेणारं यंत्र) मिळाला तर उत्तम. एसी असेल तर ड्राय मोडवर. मग परीक्षा: दीड फूट चौरस पॉलिथिन, टाइलचा सांधा मध्ये येईल असं, चारही बाजूंनी टेप लावून २४ तास ठेवा. आतून थेंब दिसले किंवा सांधा काळपट झाला, तर थांबा. दोन-तीन ठिकाणी करा, विशेषतः भिंतीच्या कोपऱ्यात. गणपती लॅमिनेटसाठी थांबत नाहीत. यंदा उघड्या टाइलवर सतरंजी घाला. घाईने वर फोम-फळी टाकली की खाली बुरशी येते.
नवीन बसवताना भिंतीपासून ८ ते १० मिमी जागा सोडायला लावा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात न भिजताही फळ्या उचलतील.

उत्तर:
वरच्याला जोड. टाइल नाण्याने ठोकून बघा. पोकळ आवाज येईल तिथे थर सुटलाय, ती टाइल आधी बसवून घ्या. पांढरी पूड आली तर कोरड्या ब्रशने काढा, ॲसिड नको. खालच्या मजल्याचं छतही बघायला सांगा.
जुन्या वाड्यातली शहाबादी असेल तर गोष्ट वेगळी: खालची माती-मुरूम बसते आणि फरशी डुगडुगते, ती काढून पुन्हा भरावी लागते.

आणि पाइप. पाइप नळाला जोडणाऱ्या ३/४ इंची चक्रीच्या आतला रबरी वॉशर कडक झाला की गळती, आणि गळती थांबवायला पान्याने आवळलं की प्लास्टिकची चक्री तडकते. हाताने घट्ट, मग पाव फेरा, बस्स. मशीनची लाइन गच्चीवरच्या टाकीची आहे की थेट महापालिकेची, तेही पाहा. टाकीची असेल तर टाकी रिकामी झाली की पाणी थांबतं. चोवीस तास पाण्याच्या भागात थेट लाइन असेल तर ते थांबतच नाही. धुणं झालं की कॉक बंद करायची सवय घरी कामाला येणाऱ्या मावशींना लावा.