मदत हवी आहे: पळायच्या आधी मांड्या बांधून रक्त अडवलं तर टायमिंग खरंच सुधारतं का?

नमस्कार मंडळी, माझा लहान भाऊ पोलीस भरतीची तयारी करतोय, 1600 मीटरचं टायमिंग काही केल्या खाली येईना आणि मैदानीच्या 50 पैकी 20 मार्क त्यालाच, त्यामुळे सगळा जीव तिथेच अडकलाय. ग्राउंडवरच्या पोरांनी कुठला तरी व्हिडिओ बघितला, आता पळायच्या आधी मांड्यांना सायकलची ट्यूब करकचून बांधून पाच-पाच मिनिटं बसतात, सोडतात, परत बांधतात. भावाच्या मांडीवर दोन बोटं रुंद लालभडक वळ उठलाय, विचारलं तर म्हणे पायाला मुंग्या येतात, पाऊल गार पडतं, पण सोडल्यावर पाय हलके वाटतात. ओरडले तर म्हणतो ताई हे सायन्स आहे.

म्हणून वाचायला बसले तर सायन्स आहे हे खरंच निघालं. इस्केमिक प्रीकंडिशनिंग म्हणतात, म्हणजे थोडा थोडा वेळ रक्त अडवून-सोडून शरीराला आधीच तयार करणं. 1986 मध्ये अमेरिकेत कुत्र्यांवर प्रयोग झाला, हृदयाची रक्तवाहिनी आधी चार वेळा 5-5 मिनिटं बंद करून सोडली, मग सलग 40 मिनिटं बंद ठेवली, तर हृदयाचं नुकसान बरंच कमी झालं. मग खेळाडूंवर करून बघितलं. 2010 ला सायकलपटूंच्या मांड्यांना बीपीच्या पट्ट्यासारखा कफ लावून 220 च्या प्रेशरवर तीनदा 5 मिनिटं रक्त अडवलं, ऑक्सिजन घ्यायची कमाल क्षमता 3 टक्क्यांच्या आसपास वाढली. पण काही प्रयोगांत अगदी सैल, 20 च्या प्रेशरचा कफ लावलेल्यांचंही टायमिंग तेवढंच सुधारलं! मग हा फायदा रक्त अडवल्याचा की मनाचा?

शिवाय भरतीला पहाटेपासून लायनीत बसवतात, आपली बॅच कधी लागेल सांगता येत नाही, तिथे हे बांधणार कधी आणि पळणार कधी? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, आणि ट्यूबने काही कायमचं होऊ शकतं का तेही.

उत्तर: ताई, मी फिजिओ आहे, आधी ती ट्यूब काढून घ्या. प्रयोगात कफ रुंद असतो आणि प्रेशर मोजलेलं असतं. ट्यूब अरुंद, सगळा दाब एकाच पट्टीवर येतो, संवेदनेची नस (मज्जातंतू) दबली की मुंग्या, बधिरपणा, कधी पाऊल उचलायची ताकदही कमी होते. ज्याला रक्ताच्या गुठळ्या, सिकलसेल, बीपी असेल त्याने तर कफनेसुद्धा करायचं नाही. आणि पोरं दोन गोष्टींची खिचडी करतायत, पट्टा बांधून हलकं वजन उचलायचं ते जपानचं कात्सू, त्यात रक्त पूर्ण अडवत नाहीत आणि ते स्नायू वाढवायला असतं, पळायच्या आधीचं नाही. 1600 साठी 400 चे रिपीट (400 मीटर जोरात, थोडी विश्रांती, परत 400), आठवड्यातून एक लांब सावकाश रन आणि नीट वॉर्मअप, यातून सेकंद नक्की कमी होतात.

धागाकर्ती: खूप खूप आभार, हे त्याला आत्ताच वाचून दाखवते. अजून एक, सकाळी उठल्यावरही डाव्या पायाचा अंगठा बधिर वाटतो म्हणतोय, थांबून बघू की लगेच दाखवू?

उत्तर: थांबू नका, उद्याच ऑर्थोला दाखवा, आणि त्यांनी बघेपर्यंत पळणं बंद. पिंढरी सुजली किंवा दुखायला लागली तर मात्र आज रात्रीच जा.